आईच्या रकान्यात काय लिहायचं?

मनू, तुझा फोन ठेवला आणि झोप उडाली बघ. साडेदहा वाजून गेलेत. यांना पहाटेची एस.टी. पकडायचीय म्हणून घरातले दिवे मालवलेत आणि मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसून तुला लिहितेय. फोनवर तू घाईत होतीस. “ताई, स्कॉलरशिपच्या फॉर्मात आईचा व्यवसाय विचारलाय, मी हाउसवाइफ टाकते. तू फक्त उत्पन्नाचा दाखला अपलोड कसा करायचा ते सांग.” दाखल्याचं सांगितलं आणि म्हटलं, थांब, ते हाउसवाइफ एवढ्यात टाकू नकोस. तर तू म्हणालीस, “मग काय, फार्मर टाकू?” आणि हसलीस.

त्या हसण्यावर लिहितेय. रागावले नाही गं. तुझ्या वयाची असताना मीही हसलेच असते. कॉलेजात वडिलांचा धंदा विचारला की मी ‘अ‍ॅग्रिकल्चरिस्ट’ म्हणायची. फार्मर म्हटलं की पाठ्यपुस्तकातला मुंडासंवाला माणूस डोळ्यांपुढे यायचा, आणि आपले अण्णा तसे दिसायचे म्हणूनच तो शब्द नको वाटायचा. हे कुणीतरी अण्णांच्या कानावर घातलं. त्यांनी मला तो लांबलचक शब्द दोनदा म्हणायला लावला आणि म्हणाले, “येवढा मोठा? सातबारा तरी येवढा मोठा हाय का आपला?”

पुढे मी इंग्रजी शिकवायला लागले. पाचवीच्या मुलांना ट्रॅक्टरचं चित्र दाखवून फार्मर शिकवलं, सहावीला स्पेलिंग घातलं. तो शब्द आला कुठून, हे बघायची बुद्धी मात्र बऱ्याच वर्षांनी झाली. शाळेच्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश आहे, वाळवीने कडा खाल्लेला. ऑफ तासाला तो काढून बसले आणि घंटा झालेली कळली नाही.

फार्म या शब्दात आधी माती नव्हतीच, मनू. पैसा होता. लॅटिनमध्ये ‘फिर्मुस’ म्हणजे पक्का, न हलणारा. त्यावरून मध्ययुगात ‘फिर्मा’ म्हणजे पक्की ठरलेली रक्कम. फ्रेंचांनी त्याचं ‘फेर्म’ केलं, नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात गेलं आणि हळूहळू ‘फार्म’ झालं. ‘एर’चं असं ‘आर’ होणं इंग्रजीत पुष्कळदा घडलंय. सी-एल-ई-आर-के लिहून आपण क्लार्क म्हणतो ना, तसलंच. तर इंग्लंडात दोन-तीनशे वर्षं फार्म म्हणजे ठरावीक भाडं, वसुलीचा ठरलेला आकडा. फार्मर म्हणजे तो आकडा भरायचं कबूल करून वसुलीचा हक्क घेणारा माणूस. त्याच्या हाताला माती लागलेली असायचं काही कारण नव्हतं.

इंग्लंडच्या राजाने १०८६ साली गावोगावच्या जमिनींची, बैलांची, नांगरांची मोजदाद करून एक मोठी वही लिहवली. ‘डूम्सडे बुक’ म्हणतात तिला. आपल्या भाषेत तिकडचा सातबाराच समज. त्यात काही गावांपुढे लिहिलंय की हे गाव राजाला ‘एका रात्रीची फिर्मा’ देतं. म्हणजे राजा लवाजम्यासकट उतरला तर एक दिवस-रात्र पुरेल एवढा शिधा. आपल्याकडे पाहुणे आले की आई पीठ मोजते, तसं त्या गावांनी राजासाठी धान्य मोजायचं. जुन्या इंग्रजीतही शिधा, जेवण या अर्थी ‘फेओर्म’ असा शब्द होता. तो या फिर्माचा सख्खा की नुसता शेजारी, यावर कोशवाले अजून भांडतात. भांडू देत.

मग शिध्याचे पैसे झाले. प्रत्येक परगण्याला शेरीफ असायचा. वर्षाला अमुक इतके पौंड राजाच्या खजिन्यात भरायचे, हे त्याचं फार्म. वर जे वसूल होईल ते त्याच्या खिशात. आता तूच सांग, असा माणूस सोडेल का कुणाला? राजालाही ते दिसायचं, म्हणून तोही आकडा चढवत न्यायचा. शेवटी १२१५ साली सरदारांनी जॉन राजाला धरून मॅग्ना कार्टावर कबूल करून घेतलं, त्यातलं एक कलम हेच आहे. परगण्यांचे फार्म जुन्या दरानेच राहतील, वाढ करायची नाही. राजाच्या स्वतःच्या खास जमिनी तेवढ्या सोडून, अर्थात. परीक्षेत मॅग्ना कार्टा म्हणजे स्वातंत्र्याची सनद एवढंच घोकून घेतात आमच्याकडून. त्यात खंडाच्या दराची तक्रार आहे हे कुणी सांगत नाही.

चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तर एक भिक्षेकरी साधू आहे. काही हस्तलिखितांत त्याच्याबद्दल म्हटलंय की त्याने आपला भिक्षेचा इलाखा फार्म भरून घेतला होता, दुसऱ्या साधूने तिथं पाऊल टाकायचं नाही. भीक मागायचाही मक्ता! मला तर आपल्या बाजारतळावरची पावती फाडणारी मंडळीच आठवली.

हे सगळं तुला परकं वाटतंय का? आपल्या ओढ्याकाठच्या दोन एकरांकडे बघ. ते आई शेजारच्या तात्यांना देते ना, वर्षाची रक्कम ठरवून? पीक येवो न येवो, पाडव्याला पैसे द्यायचे. त्याला आपण काय म्हणतो? खंडाने दिलं म्हणतो. हा खंड आणि ती फिर्मा, दोघांचा अर्थ डिट्टो एक. बटाईत तसं नसतं. तिथं जेवढं पिकेल त्याचे वाटे, तोटा झाला तर दोघांचा. खंडात आकडा पक्का. आणि गंमत बघ, खंड म्हणजे तोडणं. आपण सौदा ‘तोडून घेतो’ तसंच. मक्ता हा आपला दुसरा शब्द अरबीतून आलाय, त्याच्याही मुळाशी कापण्याचाच अर्थ आहे. इंग्रजांच्या शब्दात आकडा पक्का करणं आहे, आपल्या शब्दांत आकडा तोडणं. तेव्हा त्या जुन्या इंग्रजीत सांगायचं तर आपल्या ओढ्याकाठचे फार्मर तात्या, आणि आई जमिनीची मालकीण. तात्यांना सांगू नकोस, भाव खातील.

मात्र खंडाचं प्रकरण वर चढलं की त्याचं काय होतं, ते आपल्या मुलखाने फार भोगलंय. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त बोली लावेल त्याला मक्त्याने द्यायला लागले. मक्तेदाराला ठाऊक, पुढच्या साली दुसरा कुणी चढी बोली लावून आपल्याला उठवेल. मग याच साली ओरबाडून घ्यायचं. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या मक्त्यांनी रयतेची दैना कशी केली ते आलंय. इंग्रजाने लिहिलंय म्हणून सोडून द्यावं म्हटलं, तरी ते खोटं नाही. आणि कोकणात खोत. सरकारला सारा भरायचा, कुळांकडून हवं तसं वसूल करायचं. बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधी १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभं राहून जमिनी कसायच्याच नाहीत असा संप केला. सहा वर्षं चालला तो. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. आता सांग, इंग्रजी कागदात खोताला काय म्हणायचे? रेव्हेन्यू फार्मर. आणि चरीला उपाशी राहून संप करणारे, ते त्या कागदात कुळं.

फ्रान्सात तर करांचं फार्म घेणारी बडी मंडळी पॅरिसात वाडे बांधून राहायची. मिठावरचा करसुद्धा तेच गोळा करायचे. त्यांच्यातला एक तुझ्या ओळखीचा आहे. ऑक्सिजनला ऑक्सिजन नाव देणारा लाव्हॉझिए. त्याने १७६८ मध्ये या धंद्यात भागीदारी घेतली. आलेल्या पैशांतून उत्तम प्रयोगशाळा थाटली, आणि त्याच धंद्यापायी ८ मे १७९४ला त्याचं डोकं गिलोटिनखाली गेलं. त्याचे सासरेही भागीदार, तेही त्याच दिवशी. तू एम.एस्सी.ला केमिस्ट्री घेऊन बसलीयस. एवढा मोठा केमिस्ट ‘फार्मर’ म्हणून मेला हे तुमच्या सरांनी सांगितलं होतं का?

आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’. तुला बारावीच्या सुट्टीत मी दिलं होतं, तू अर्धं वाचून ठेवलंस. त्यात अनाथ ऑलिव्हरला फार्म करतात. म्हणजे एका बाईकडे पोसायला ठेवतात, डोईमागे आठवड्याला साडेसात पेन्स ठरवून. रक्कम पक्की. मग मुलाला जेवढं कमी घालाल तेवढी कमाई. शेरीफ काय, मक्तेदार काय नि ती बाई काय, आकडा ठरला की मधल्या माणसाची नजर ताटातल्या भाकरीवर जाते. आजही इंग्रजीत काम बाहेर उक्तं देण्याला ‘फार्म आउट’ म्हणतात ते त्याच घरातलं.

मग म्हणशील, जमीन नांगरत कोण होतं? त्याला इंग्रजीत वेगळा शब्द होता. हजबंडमन. हसलीस ना? मीही पंचायत समितीच्या भिंतीवर ‘अ‍ॅनिमल हजबंडरी’ वाचून मैत्रिणीला कोपर मारलं होतं. तर हजबंड हा शब्द आला उत्तरेकडून, समुद्रावरून आलेल्या नॉर्स लोकांकडून. हूस म्हणजे घर आणि बोंदी म्हणजे वसलेला, स्वतःचं बिऱ्हाड असलेला. स्वीडनमध्ये अजून शेतकऱ्याला बोंदे म्हणतात. घर धरून राहिलेला, म्हणून कसणारा. नवरा हा अर्थ मागाहून चिकटला. आणि आपल्याकडे? कुणबी. त्याचं मूळ संस्कृत कुटुंबिन्, घर-कुटुंबवाला. इतक्या लांबच्या दोन भाषांना कसणाऱ्याला नाव देताना घरच आठवलं. मला हे वाचून त्या दिवशी कपाटापाशी बसल्या बसल्या बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आता त्याच घरातून आलेली ती तुझी हाउसवाइफ. हजबंडच्या बरोबरीची होती ती मुळात. घर-गोठा, दूधदुभतं, कोंबड्या, सगळा व्याप सांभाळणारी. पुढे नवऱ्याचा हजबंड मानाचा राहिला, आणि हाउसवाइफ बोलताना झिजून त्याचं ‘हसी’ झालं. त्याचा अर्थ आता काय होतो तो तू कोशात बघ. मी लिहीत नाही. शब्दांच्यातही सासुरवास असतो गं.

फार्मर शेतावर उतरला तो सोळाव्या शतकात. जमिनी खंडाने घेऊन स्वतः कसणारे वाढले. आधी खंड म्हणजे फार्म, मग खंडाने घेतलेली जमीन म्हणजे फार्म, आणि मग कुठलीही कसलेली जमीन फार्म. आकड्याचा शब्द मातीत रुजला आणि लोक आकडा विसरले. आमच्या पाचवीच्या पुस्तकापर्यंत येता येता ट्रॅक्टर उरला.

विसरले म्हणते, पण सरकार नाही विसरलं. गेल्या वर्षी आई सेतू केंद्रात दोन चकरा मारून काय काढून आली, आठवतं? फार्मर आयडी. आधार, सातबारा, ओटीपी, सगळं झालं. घरी येऊन म्हणाली, “माझं फार्मर निघालं.” तू तेव्हा परीक्षेत होतीस. म्हणजे आईकडे नंबर आहे, राज्य सरकारने दिलेला. वर्षाला केंद्राचे सहा हजार तिच्या खात्यावर येतात ते शेतकरी म्हणून येतात. सरकारदरबारी जी फार्मर आहे, तिला तिची लेक फॉर्मात हाउसवाइफ करायला निघालीय.

पण त्याच दिवशी सखूमावशी आईबरोबर सेतूत गेली होती. तीस वर्षं आपल्या रानात खुरपतेय ती. भुईमूग तिच्याइतका झरझर कुणाला काढता येत नाही. तिला नंबर मिळाला नाही, तिच्या नावावर गुंठा नाही म्हणून. आठशे वर्षांपूर्वीचा अर्थ जिवंत आहे तो असा. फार्मर तो, ज्याचं नाव कागदावर.

आता मी मुद्द्यावर येते. लांबण लावली म्हणशील, पण एकदम बोलले असते तर तू फोन ठेवला असतास.

दादाने तुला माळाचं सांगितलं असेल. वरचा चार एकर माळ सोलर फार्मला द्यायचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख देतात, दर साली तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या घरात. त्या माळावर कुसळाशिवाय काही येत नाही, तेव्हा दादा चुकीचं बोलत नाहीय. मला तर ऐकून हसूच आलं. ठोसेघरच्या सहलीत चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहून तू सरांना विचारलं होतंस, याला विंड फार्म का म्हणतात, वारा पेरतात का? सर गप्प बसले होते. आता उत्तर घे. जमीन दिली, वर्षाचा आकडा पक्का केला, लांब मुदतीचा कागद केला. पीक काहीही असो, उन्हाचं का असेना, डूम्सडेवाल्यांना हे फार्म लगेच कळलं असतं. सोलर फार्म हा शब्द फिरून आपल्या माहेरीच आलाय.

कागद आला की सह्या आल्या. दादा म्हणतो, मनू पुण्यात, सारखी सहीला कोण आणणार, त्यापेक्षा भाऊबीजेला आलीस की हक्कसोडपत्र करून टाकू, खातं सुटसुटीत होईल. मला हे आईकडून कळलं. दादाच्या पोटात पाप आहे असं मी म्हणत नाही. त्याला खरंच ते सुटसुटीत वाटतं. मला पण वाटलं होतं.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या भाऊबीजेची गोष्ट. मी तीन महिन्यांच्या पोराला घेऊन आले होते. ओवाळणीत पैठणी होती. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेलं. बाळ रडत होतं, मी एका हाताने त्याला थोपटत दुसऱ्या हाताने पानापानावर सह्या केल्या, अंगठे दिले. वाचलं नाही एक अक्षर. इंग्रजीची बाई मी, कुणी रद्दीचा पेपर दिला तरी वाचते, आणि ते वाचलं नाही. बऱ्याच वर्षांनी कपाट आवरताना त्याची नक्कल सापडली. ‘कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ असं लिहिलंय त्यात. अक्कलहुशारीने! त्या शब्दावर मी किती वेळ बसले असेन. हक्क गेल्याचं दुःख होतं म्हणावं तर तसंही नाही. विचारलं असतं तर कदाचित दिलाच असता. कुणी विचारलंच नाही आणि मीही मला विचारलं नाही, ते टोचतं. यांना अजून सांगितलेलं नाही मी. तू पण बोलू नकोस.

तुझं नाव तेव्हा वाचलं कारण तू नववीत होतीस. अज्ञान मुलीचा हक्क असा सोडून देता येत नाही. सातबाऱ्यावर तुझ्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आहे अजून. अज्ञान पालनकर्ता. तू तेवीस वर्षांची घोडी झालीस, पण महसूलखात्याच्या लेखी अजून परकरातच आहेस. आधी तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज देऊन ते काढून घे. जन्मतारखेचा दाखला लागेल. ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, तो आजच काढ आणि बघ तुझं नाव कसं दिसतं ते. मुलीला मुलासारखाच वाटा हे महाराष्ट्राने १९९४ साली केलं, देशाने २००५ मध्ये. ते कायद्यात आहे. आपल्या घरात यायला कुणीतरी सातबारा उघडून बघायला लागतो.

भांडू नकोस. सही कर किंवा करू नकोस, तुझा प्रश्न. पण दादाला सांग, मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मी वाचेन, एका वकिलाला दाखवेन, मग बोलू. तो एक दिवस फुगेल. फुगू दे. त्याला फुगण्यातून बाहेर काढायचं आईला बरोबर जमतं. आणि हे त्याला चिठ्ठीत लिहू नकोस, फोनवरही नको, समोर बसून सांग. आपल्याकडे लक्ष्मीमुक्ती म्हणून एक चळवळ झाली होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरलं, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी गावोगाव सांगितलं की जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करा. आणि कितीतरी पुरुषांनी केलासुद्धा. तेव्हा दादाला ऐकूच येणार नाही असं धरून चालू नकोस.

सहीवरून आठवलं. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये ‘फिर्मा’ म्हणजे आजही सही. कंपनीला फर्म म्हणतात ते त्यावरूनच, ज्या नावाने सही चालते ती फर्म. म्हणजे फार्म, फर्म आणि सही या तिघी बहिणी. आणि अजून एक सांगते, हे वाचलं तेव्हा मला अंगावर काटा आला होता. लॅटिनमध्ये शब्दाच्या तोंडाशी ‘फ’ असतो तिथं पुष्कळदा आपल्याकडे ‘ध’ किंवा ‘भ’ असतो. धूर म्हणजे धूम, तिकडे फूमुस. भ्राता, तिकडे फ्रातेर. तसा फिर्मुसचा आपल्याकडचा भाऊबंद कोण? ‘धृ’ हा धातू. धर्म, धरणी, धरणं. एका आदिम भाषेतल्या ‘धेर’ या मुळातून दोन्ही आलेत, पकडून ठेवणं, स्थिर करणं हा त्याचा अर्थ. इतकंच काय, इजारदार, मक्तेदार, जमीनदार यांच्यातला फारसी ‘दार’ सुद्धा त्याच मुळाचा. वसूल करणारे सगळे धरणारे. मग लक्षात आलं, अगं, हे ‘धरणं’ आपण घरात रोज वापरतो. रात्री लाइट आली की आई कुठे जाते? दारं धरायला. पाटाचं एक दार फोडायचं, दुसरं खोऱ्याने लिंपायचं, वाफा भरेपर्यंत अंधारात पाण्यात उभं राहायचं. इंग्रजांच्या फार्मरने आकडा धरला, आपली आई पाणी धरते.

झोप येतेय आता. बाकीचं फोनवर.

*

सकाळी सात. हे रात्रीचं तुला पाठवण्याआधी म्हटलं, ज्या बाईच्या धंद्यावर मी एवढं पुराण लावलंय तिला निदान एकदा विचारावं. फोन लावला. मागे मोटरीचा आवाज नव्हता, चुलीचा धूर तेवढा खोकल्यात ऐकू येत होता. म्हटलं, आई, मनूच्या फॉर्मात तुझा धंदा विचारलाय, काय लिहायचं?

“रातच्या दोनला लाइट आली,” आई म्हणाली. “भुईमुगाचे सहा वाफे ऱ्हायले आन पाचला गेली. धंदा त्या लाइटवाल्याला इचार, म्हनावं काय करतो तू. आन मनीला सांग, येताना माझी औषधाची चिठ्ठी आण, गोळ्या संपल्यात.”